४८८ गुणांचा फरक लिचेसवर कसा दिसतो

लिचेस या बुद्धिबळाच्या संकेतस्थळावर मी प्रत्यक्ष खेळतो फारच कमी. माझ्या लेखी त्याचा खरा उपयोग आहे तो समोरासमोर बसून, घड्याळ लावून, हाताने खेळ्या लिहीत खेळलेल्या स्पर्धेतल्या डावांची घरी येऊन तपासणी करण्यासाठी, आणि हे परीक्षणही मी तेवढ्यापुरतेच ठेवणार आहे. त्यासाठी माझाच एक हरलेला डाव घेतो. फिडे या जागतिक बुद्धिबळ महासंघाच्या मानांकन स्पर्धेतली ती पहिली फेरी होती. माझे रेटिंग, म्हणजे निकालांवरून ठरणारा ताकदीचा आकडा, १५४८, तर समोर बसलेल्या तेरा वर्षांच्या मुलाचे २०३६.

स्पर्धा खेळणाऱ्यांना अशा विषम जोड्या नव्या नाहीत. स्विस पद्धतीत, म्हणजे हरल्यावर बाद न होता सगळेच पुढच्या फेऱ्या खेळतात त्या पद्धतीत, पहिल्या फेरीसाठी सर्व खेळाडू रेटिंगच्या क्रमाने लावतात, यादीचे मधोमध दोन भाग करतात आणि वरच्या भागातला पहिला खालच्या भागातल्या पहिल्याशी, दुसरा दुसऱ्याशी, असे पेअरिंग करतात. आमच्या स्पर्धेत १६० जण होते. तो यादीत ३४ वा आणि मी ११४ वा. रेटिंगवरून निकालाचा अंदाज बांधणाऱ्या एलो सूत्राने ४८८ गुणांच्या फरकाला दुबळ्या खेळाडूची अपेक्षा शंभर डावांत सुमारे सहा गुणांची निघते. फिडेच्या नियमाप्रमाणे मात्र ४०० पेक्षा मोठा फरक ४०० च धरला जातो आणि अपेक्षा ०.०८ गुणांची होते. माझा के गुणांक, म्हणजे एका डावाने रेटिंग किती हलते ते ठरवणारा आकडा, २० असल्याने हरलो तर १.६ रेटिंग जाणार आणि बरोबरी झाली तर ८.४ मिळणार, असा हिशेब होता. मुलाचा के गुणांक वयामुळे ४०, म्हणून त्याच्या बाजूने बरोबरी म्हणजे दुप्पट, १६.८ गुणांची, वजाबाकी. हे आकडे आधीच सांगून ठेवतो, कारण त्या दिवशी हे दडपण दोघांवरही होते आणि संकेतस्थळाच्या आलेखात ते कुठेही उमटत नाही.

आधी सेवेबद्दल थोडक्यात. तिबो द्युप्लेसी या फ्रेंच प्रोग्रामरने २०१० साली लिचेस सुरू केले. आज ते फ्रान्समध्ये नोंदलेली, नफा न कमावणारी संस्था म्हणून चालते. जाहिरात नाही, सशुल्क पायरी नाही, संगणक प्रणालीचा सगळा आराखडा खुला आहे आणि खर्च देणग्यांवर भागतो. देणगी देणाऱ्याला नावापुढे एक चिन्ह मिळते. न देणाऱ्याला कोणतीही सोय नाकारली जात नाही. भाषांच्या यादीत मराठीही आहे आणि ते भाषांतर स्वयंसेवकांनी केलेले आहे. डावाचे विश्लेषण स्टॉकफिश हे इंजिन, म्हणजे बुद्धिबळ खेळणारी संगणक प्रणाली, करते आणि तेही बऱ्याच अंशी जगभरातल्या स्वयंसेवकांनी देऊ केलेल्या संगणकांवर चालते. कोणा अनोळखी माणसाच्या घरातला संगणक आपला हरलेला डाव तपासतो आहे, ही कल्पना मला आजही हलवून जाते.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. आमची वेळमर्यादा प्रत्येकी ९० मिनिटे आणि पहिल्या खेळीपासून दर खेळीला ३० सेकंदांची भर, अशी होती. ३० सेकंदांची भर असली की घड्याळात कितीही कमी वेळ उरला तरी खेळ्या लिहिणे सक्तीचे असते, त्यामुळे माझ्याकडे ७१ खेळ्यांची पूर्ण स्कोअरशीट होती. लिचेसवर ‘स्टडी’ नावाची वही उघडून त्यात एका डावाचे एक प्रकरण करता येते आणि पटावर सोंगट्या सरकवत गेले की डाव नोंदला जातो. मला बारा मिनिटे लागली. यातला एक फायदा मी आधी लक्षात घेतला नव्हता. पटावर नियमबाह्य खेळी होऊच शकत नाही, त्यामुळे लिहिण्यातली चूक आपोआप पकडली जाते. ३१ व्या खेळीला मी ‘हत्ती सी-८’, म्हणजे हत्ती पटावरच्या सी-८ या घरात, एवढेच लिहिले होते. तिथे जाऊ शकणारे हत्ती दोन होते आणि मी नोंदताना चुकीचा उचलला. चार खेळ्यांनंतर पुढची लिहिलेली खेळी पटावर शक्यच होईना, तेव्हा मागे जाऊन दुरुस्ती केली.

त्यानंतर विश्लेषणाची मागणी केली. मिनिटभराने आलेख, अचूकतेची टक्केवारी आणि चुकांची प्रतवारी पुढे आली: किरकोळ चुका, चुका आणि घोडचुका. माझी अचूकता ८४ टक्के, त्याची ९१. घोडचूक माझ्या नावावर एकच, ५९ व्या खेळीची. त्याच्या नावावर एकही नाही. आलेख चाळीस खेळ्यांपर्यंत पांढऱ्याच्या, म्हणजे त्याच्या, बाजूने जेमतेम झुकलेला, मग जवळजवळ सपाट, आणि ५९ व्या खेळीला कड्यावरून खाली जावा तसा कोसळलेला. हे चित्र पाहून कोणाचाही समज होईल की दोन तुल्यबळ खेळाडू अखेरपर्यंत बरोबरीत होते आणि एका क्षणी एकाचे लक्ष उडाले. मी त्या खुर्चीवर पावणेचार तास बसलो होतो, म्हणून सांगतो, तसे मुळीच नव्हते.

मी काळ्या सोंगट्यांनी फ्रेंच बचाव ही डावाची सुरुवात खेळलो आणि त्याने तिसऱ्या खेळीला ई-५ प्यादे पुढे ढकलणारा प्रकार निवडला. इथे लिचेसच्या ओपनिंग एक्सप्लोररची, म्हणजे सुरुवातीच्या खेळ्या धुंडाळण्याच्या साधनाची, ओळख करून देतो, कारण शिकणाऱ्याला यासारखे साधन क्वचितच मिळते. एका बाजूला नामांकित खेळाडूंच्या डावांचा संग्रह असतो, तर दुसऱ्या बाजूला लिचेसवर खेळलेल्या डावांचा, आणि या दुसऱ्या संग्रहाला रेटिंगची चाळणी लावता येते. एकाच स्थितीत नामवंत काय खेळतात आणि माझ्या वकुबाचे लोक काय खेळतात, हे शेजारी शेजारी ठेवून पाहता येते. माझ्या पहिल्या आठ खेळ्या दोन्हीकडे मान्य होत्या. नववी खेळी माझ्या पातळीवर लोकप्रिय आहे, पण नामवंतांच्या संग्रहात ती जवळपास दिसत नाही. लिचेसवरचे रेटिंग आणि फिडेचे रेटिंग या दोन वेगळ्या मोजपट्ट्या आहेत, हे मात्र चाळणी लावताना विसरू नये. तिथे नवा खेळाडू १५०० पासून सुरुवात करतो आणि तिथला आकडा सहसा फिडेच्या आकड्यापेक्षा फुगलेला असतो.

२३ व्या खेळीला यंत्राने ‘चूक’ असा शेरा मारला. माझा घोडा एफ-५ घरात होता. त्याने मी ई-३ वरचा उंट मारला आणि पांढऱ्याने वजिराने घोडा परत घेतला. खेळताना मला ही देवाणघेवाण अगदी बिनधोक वाटली होती, कारण बलवान खेळाडूसमोर सोंगट्या कमी केल्या की आपण सुरक्षित होतो असा एक समज क्लबात प्रत्येकाच्या तोंडी असतो. यंत्राने दुसरी खेळी सुचवली, मूल्यांकनाचा आकडा दिला आणि ते गप्प बसले. कारण शोधायला मला पाऊण तास लागला. माझी मधली दोन प्यादी डी-५ आणि ई-६ या पांढऱ्या घरांवर होती, शिल्लक राहिलेला माझा उंटही पांढऱ्या घरांचा होता, आणि डी-४ या काळ्या घरावर नजर ठेवणारी शेवटची सोंगटी होती तोच घोडा. तो गेल्यावर पांढऱ्याचा घोडा एफ-३ वरून डी-४ वर येऊन बसला आणि पुढच्या वीस खेळ्या त्याला तिथून उठवेल असे माझ्याकडे काहीच उरले नाही. त्या मुलाला हे आधीच दिसले होते. त्याने वजिराने घोडा घेताना पुरते दहा सेकंदही घेतले नाहीत.

लिचेसची मोठी मर्यादा मला इथे दिसते. ते कुठे चुकले हे सांगते, किती चुकले हे सांगते, पण का चुकले हे सांगत नाही. काही सशुल्क सेवा कारण सांगण्याचा आव आणतात. अशाच एका सेवेची महिन्याची वर्गणी मी भरली होती. तिचे नाव घेण्याचे कारण नाही. तिने याच खेळीवर ‘या खेळीमुळे तुम्ही थोडा वरचष्मा गमावला’ असे वाक्य छापून दिले. आकड्याला शब्दांचा अंगरखा घातला म्हणून त्याचे कारण होत नाही. लिचेसचे मौन मला त्यापेक्षा प्रामाणिक वाटते, कारण ते उत्तर आपल्यालाच शोधायला लावते आणि तो शोध घेण्यासाठी लागणारी सगळी साधने जवळ ठेवते. पटावर हवी ती खेळी करून पाहावी, मागे यावे, दुसरी करून पाहावी, प्रत्येक फाटा वहीत राहतो.

ही वही, म्हणजे स्टडी, हाच माझ्या मते या संपूर्ण सेवेतला सर्वांत मोलाचा भाग आहे. प्रत्येक खेळीखाली टिपण लिहिता येते, पटावर बाण काढता येतात, घरे रंगवता येतात, आणि वही खासगी ठेवायची की दुव्याने कोणाला दाखवायची हे आपण ठरवतो. मी एक शिस्त पाळतो आणि ती प्रत्येकाने पाळावी असे मला मनापासून वाटते: इंजिन सुरू करण्याआधी, त्या त्या खेळीला माझ्या डोक्यात काय चालले होते ते लिहून काढायचे. एकदा यंत्राची खेळी दिसली की आपल्यालाही ती सुचली होती असे मन स्वतःला पटवून देते आणि खरा विचार कायमचा पुसला जातो. या डावात मी आणखी एक गोष्ट केली. स्कोअरशीटच्या समासात मी दर पाच खेळ्यांना दोघांच्या घड्याळातला वेळ लिहून ठेवला होता, तो त्या त्या खेळीखाली टिपला. हाताने नोंदलेल्या डावात किती वेळ गेला हे संकेतस्थळाला कळायला मार्ग नसतो, त्यामुळे हे काम आपणच करावे लागते.

ते आकडे असे: १५ व्या खेळीला माझ्याकडे ६८ मिनिटे, त्याच्याकडे ८४. २५ व्या खेळीला माझ्याकडे ३७, त्याच्याकडे ७१. ४० व्या खेळीला माझ्याकडे ४ आणि त्याच्याकडे ५१. यंत्राच्या आलेखात ४० व्या खेळीला स्थिती जवळपास समान आहे. घड्याळाच्या हिशेबात मी तेव्हाच अडचणीत आलो होतो. ४८८ गुणांचा फरक मला सापडला तो इथे. डी-४ वर बसलेला घोडा दर खेळीला मला एक नवा प्रश्न घालत होता; त्याची उत्तरे मी बहुतेक वेळा बरोबर दिली, म्हणूनच माझी अचूकता ८४ टक्के दिसते, पण प्रत्येक उत्तरासाठी मी सरासरी पावणेतीन मिनिटे मोजली. त्याला प्रश्न घालायला सरासरी दोन मिनिटेही लागत नव्हती. दुबळा खेळाडू बलवानाविरुद्ध एका खेळीने हरतो असे आलेख सांगतो. माझी वही सांगते की तो तासाभरापासून हरत आलेला असतो आणि ती एक खेळी ही केवळ शेवटची असते.

आता त्या ५९ व्या खेळीकडे येतो. सगळे झडून गेल्यावर पटावर पाच सोंगट्या उरल्या होत्या. माझा राजा ई-८ वर, हत्ती ए-६ वर. पांढऱ्याचा राजा डी-५ वर, हत्ती एच-७ वर आणि प्यादे ई-५ वर, म्हणजे तिसऱ्या खेळीला पुढे आलेले तेच प्यादे. जाणकार ही स्थिती लगेच ओळखतील: अठराव्या शतकातल्या फिलिडोर या फ्रेंच बुद्धिबळपटूच्या नावाने ती ओळखली जाते आणि ती बरोबरीची आहे. बचाव करणाऱ्याने हत्ती आपल्या बाजूने तिसऱ्या ओळीत ठेवायचा, म्हणजे समोरचा राजा पुढे घुसू शकत नाही. प्यादे त्या ओळीत शिरले की मात्र हत्तीने ताबडतोब पटाच्या दुसऱ्या टोकाला जायचे आणि मागून शह देत राहायचे, कारण आता राजाला लपायला प्याद्याचा आडोसा उरत नाही.

पहिला अर्धा भाग मला माहीत होता आणि तो मी नेटाने सांभाळला. ५८ व्या खेळीला दोन मिनिटे विचार करून त्याने प्यादे ई-६ वर ढकलले. माझ्या घड्याळात चाळीस सेकंद होते. मी हत्ती बी-६ वर नेला, म्हणजे नुसती वेळ काढली. त्याने राजा ई-५ वर आणला. मी हत्ती पुन्हा ए-६ वर नेला. त्याने राजा एफ-६ वर ठेवला आणि माझ्या लक्षात आले की हत्ती एच-८ वर आला की मात आहे आणि मला एकही कामाचा शह देता येत नाही. पुढच्या खेळ्या नुसता प्रतिकार होता. ७१ व्या खेळीला मी हात पुढे केला.

सभागृहाबाहेरच्या टेबलावर त्याने स्वतःहून पट मांडला. ‘काका, बी-६ पर्यंत ठीक होतं. राजा ई-५ ला आल्यावर हत्ती एकदम लांब, पहिल्या ओळीत न्यायचा होता,’ असे म्हणत त्याने माझा हत्ती बी-१ वर ठेवला आणि आपला राजा एफ-६ वर, डी-६ वर, पुन्हा ई-५ वर फिरवून दाखवला. जिथे जाईल तिथे मागून शह होता. मी त्याला विचारले, ‘मग तू प्यादं पुढे का ढकललंस? ते न ढकलता जिंकता येत नव्हतं का?’ तो म्हणाला, ‘नाही, ड्रॉच होता. पण तुमच्याकडे वेळ नव्हता ना.’

घरी आल्यावर लिचेसने त्याचे शब्दन् शब्द खरे ठरवले. सात किंवा त्याहून कमी सोंगट्यांच्या स्थितींसाठी तिथे टेबलबेस आहे. त्यात अंदाज नसतो, प्रत्येक खेळीचा पक्का निकाल असतो. प्यादे ई-६ वर आल्यानंतर बरोबरी. माझा हत्ती बी-६ वर गेल्यानंतरही बरोबरी. राजा ई-५ वर आल्यावर हत्ती ए-६ वर गेला की पराभव. तपासणीच्या या भागाला मी पैकीच्या पैकी गुण देईन. शिवाय त्याच स्थितीपासून यंत्राशी पुढे खेळण्याची सोय आहे आणि ‘प्रॅक्टिस’ विभागात हत्तीच्या मूलभूत एंडिंगमध्ये, म्हणजे डावाच्या अखेरीच्या भागात, ल्युसेना ही दुसरी प्रसिद्ध स्थिती आणि फिलिडोर, या दोन्हींचे सराव आहेत. मी ती स्थिती त्या आठवड्यात वीस-पंचवीस वेळा खेळलो. आता हात आपोआप पहिल्या ओळीकडे जातो.

वापरताना सांभाळायच्या काही गोष्टी आहेत. अचूकतेच्या टक्केवारीवर भिस्त ठेवू नये. तिच्यात पाठ असलेल्या सुरुवातीच्या खेळ्या आणि दुसरा पर्यायच नसलेल्या खेळ्याही धरलेल्या असतात. एका दिवशी दोन फेऱ्या असतील तर मधल्या वेळात विश्लेषण उघडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. सकाळच्या घोडचुकीचा तो कोसळलेला आलेख डोळ्यांपुढे घेऊन संध्याकाळी पटावर बसणे फार वाईट. आणि खेळण्याच्या जागेत मोबाइल अंगावर सापडला तर डाव गमवावा लागतो, हे नव्याने स्पर्धेला येणाऱ्या पालकांनी मुलांना पुन्हा पुन्हा सांगावे.

२०२५ च्या जुलैत बातुमीला नागपूरच्या दिव्या देशमुखने महिला विश्वचषक जिंकला तेव्हा मानांकन यादीत तिच्या वर चौदा जणी होत्या आणि अंतिम सामन्यात समोर कोनेरू हम्पी होती. रेटिंगचा फरक निकाल ठरवून टाकत नाही, हे त्या स्पर्धेने आपल्या मुलींना आणि मुलांना दाखवले. पण ज्याला खालच्या बाजूने हा फरक ओलांडायचा आहे, त्याला आपले हरलेले डाव इतक्या बारकाईने आणि एक पैसा न देता तपासता येणे, ही माझ्या लहानपणी कल्पनेपलीकडची गोष्ट होती. तेव्हा डाव दाखवायला आम्ही सायकलवर बसून दुसऱ्या पेठेतल्या एखाद्या जाणत्या गृहस्थांच्या घरी जात असू आणि ते घरी असले तर आमचे नशीब.

स्पर्धा संपल्यावर मी वहीचा दुवा मुलाच्या वडिलांना पाठवला, कारण मुलाचे खाते ‘किड मोड’मध्ये आहे आणि त्यात अनोळखी माणसाशी संदेशांची देवाणघेवाण बंद असते, जे अगदी योग्य आहे. दोन दिवसांनी वही उघडली तर ५९ व्या खेळीवर बी-६ पासून बी-१ पर्यंत एक हिरवा बाण काढलेला होता, आणि २३ व्या खेळीवर, जिथे मी पाऊण तास कारण शोधले होते, तिथे वडिलांच्या खात्यावरून एक ओळ लिहिलेली होती: ‘काका, इथे घोडा दिलात तेव्हाच मला बरं वाटलं होतं.’